सहाशे आवाजांचे वाद्य स्वस्त आणि दहा आवाजांचे महाग, असे का?

ठाण्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांची नऊ वर्षांची मुलगी दोन महिन्यांपासून पियानोच्या वर्गाला जाते. वर्गात उभा पियानो आहे, पण घरी ती वडिलांच्या हार्मोनियमवर सराव करते. तिची बोटे पट्टीला चिकटून राहतात आणि सगळे स्वर एकाच जोराने येतात, अशी वर्गातल्या बाईंची तक्रार आहे. घरासाठी वाद्य घ्यायला हे गृहस्थ दुकानात गेले, तेव्हा विक्रेत्याने सहाशेहून अधिक आवाज आणि दोनशे ताल असलेला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड दाखवला. शेजारीच जेमतेम दहा आवाजांचा, पण ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो होता आणि त्याची किंमत दुपटीहून अधिक होती. खर्चाची मर्यादा ३०,००० रुपये आहे. ते स्वतः भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यामुळे घेऊ ते वाद्य दोघांच्याही कामी यावे, अशी त्यांची इच्छा आहे.

मी गेली २२ वर्षे पुण्यात पियानो आणि कीबोर्ड शिकवतो. त्याआधी काही वर्षे भावगीतांच्या कार्यक्रमांत आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रांत कीबोर्ड वाजवून पोट भरले आहे, तेव्हा कीबोर्डला कमी लेखण्याचे मला काहीच कारण नाही, हे आधी सांगून ठेवतो.

दुकानात तुम्हाला पडलेला प्रश्न अगदी योग्य होता, आणि तुमच्या बाकीच्या प्रश्नांचे उत्तरही त्यातच आहे. आवाज ही आजच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यातील सर्वांत स्वस्त गोष्ट आहे. ध्वनिमुद्रित करून किंवा गणिताने घडवून ते एकदा चिपमध्ये भरले की दहा काय आणि सहाशे काय, उत्पादनखर्चात फार फरक पडत नाही. पहिला कॅसिओटोन १९८० साली बाजारात आला, तेव्हा एका वाद्यातून अनेक वाद्यांचे आवाज निघणे हे नवल होते. ते नवल इतके रुजले की आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला लोक अजून ‘कॅसिओ’ म्हणतात, आणि आवाज मोजून वाद्य निवडण्याची सवयही तशीच राहिली आहे. पट्ट्यांचे तसे नाही. वजनदार पट्टी हे लाकूड, प्लॅस्टिक आणि धातू यांचे चालते-फिरते यंत्र असते. अशी ८८ यंत्रे एका चौकटीत बसवून ती सगळी सारखी चालवायची असतात. तुमचे जास्तीचे पैसे तिथे जातात.

पियानो हे नावच त्या पट्टीच्या करामतीवरून पडलेले आहे. फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० सालच्या सुमारास हे वाद्य घडवले, तेव्हा त्याचे वैशिष्ट्य हे होते की पट्टी हळू दाबली तर स्वर मृदू येई आणि जोराने दाबली तर मोठा येई. इटालियन भाषेत ‘पियानो’ म्हणजे मृदू आणि ‘फोर्ते’ म्हणजे जोरकस. या वाद्यात पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकाशी असलेली यंत्रणा एक हातोडी तारेकडे फेकते आणि तारेला लागण्याच्या क्षणभर आधी हातोडीचा हात सोडून देते. वादकाच्या ताब्यात असतो तो फक्त हातोडीचा वेग. डिजिटल पियानोत तार नसते, पण हातोडीइतके वजन पट्टीला जोडलेले असते. पट्टी खाली जाताना दोन किंवा तीन ठिकाणी लागोपाठ संपर्क होतो, त्या दोन संपर्कांमधला वेळ वाद्य मोजते आणि त्यावरून आवाज किती मोठा करायचा ते ठरवते. पुष्कळ साध्या कीबोर्डमध्येही वेळ मोजण्याची ही युक्ती असते, पण पट्टीखाली वजनाऐवजी स्प्रिंग असते.

वजन आणि स्प्रिंग यांतला फरक शब्दांत सांगून पटत नाही, म्हणून माझ्या वर्गात मी दहा रुपयांची नाणी ठेवतो. एक नाणे साधारण ७.७ ग्रॅमचे असते, म्हणजे सात नाण्यांचे सुमारे ५४ ग्रॅम होतात. खऱ्या पियानोची मधल्या सप्तकातील पट्टी साधारण तेवढ्याच वजनाला खाली जाऊ लागते. डिजिटल पियानोच्या पट्टीच्या अगदी पुढच्या कडेवर एकेक नाणे रचत जा. काही नाणी होईपर्यंत पट्टी जागची हलत नाही, मग एका नाण्याला ती सुटते आणि सावकाश पण थेट तळापर्यंत जाते. हेच स्प्रिंगच्या कीबोर्डवर करून पाहा. पहिल्या दोन-तीन नाण्यांतच पट्टी थोडी खचते आणि तिथे थांबते, आणखी नाणी ठेवली की आणखी थोडी खचते आणि पुन्हा थांबते. हातोडीच्या पट्टीत अडथळा आरंभी असतो आणि नंतर वाट मोकळी होते. स्प्रिंगच्या पट्टीत आरंभी वाट मोकळी असते आणि अडथळा खाली वाढत जातो. लहान वयात बोटाला जी सवय लागते ती या दोहोंपैकी एकाची लागते, आणि कीबोर्डवर तीन वर्षे शिकून पियानोपाशी आलेली मुले पहिल्या महिन्यात ‘पट्ट्या जड आहेत’ असे जे म्हणतात ते वजनाबद्दल कमी आणि या उलट्या अनुभवाबद्दल अधिक असते.

आता बाईंच्या तक्रारीकडे येऊ, कारण त्यात मुलीचा दोष नाही. हार्मोनियममध्ये आवाजाचा लहानमोठेपणा भात्यातून येतो, पट्टीतून नव्हे. पट्टी हळू दाबा की जोराने, तिच्याखालची झडप उघडते एवढेच. शिवाय पट्टी दाबलेली आहे तोवर स्वर सारख्या जोराने चालू राहतो, त्यामुळे पेटी वाजवणाऱ्याचे बोट स्वराला धरून राहायला शिकते, आणि गायनाच्या साथीत ते योग्यच असते. पियानोचा स्वर मात्र वाजल्या क्षणापासून विरत जातो. पुढचा स्वर कधी व किती जोराने घ्यायचा, मागचा कधी सोडायचा, हे सगळे बोटाने ठरवायचे असते आणि एका हाताची पाचही बोटे एकमेकांपासून वेगळ्या जोराने चालवायची असतात. डावा हात तर हार्मोनियमवर भात्यात अडकलेलाच असतो. तुमची मुलगी रोज अर्धा तास नेमके तेच गिरवत आहे, जे बाई आठवड्यातून दोनदा पुसून काढण्याचा प्रयत्न करत आहेत. म्हणून वाद्य कोणतेही घ्यायचे ठरो, पियानोचा सराव पेटीवर करणे आजपासून थांबवावे, असे मी म्हणेन. पेटी ती वेगळी शिकली तर उत्तमच.

याच कारणाने दुकानात तुमचा स्वतःचा हात तुम्हाला फसवू शकतो. पेटी वाजवणाऱ्या माणसाला कीबोर्ड लगेच ‘हाताला बसतो’, आणि वजनदार पट्ट्यांवर त्याच्या ताना अडखळतात, म्हणून त्याचे मन कीबोर्डकडे झुकते. माझ्याकडे आलेल्या पालकांत हे मी अनेकदा पाहिले आहे. वाद्य ज्याच्यासाठी घ्यायचे त्याच्या शिक्षणाची पट्टी लावूनच ते पाहायला हवे.

पट्टी हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो, आणि दुसऱ्या अर्थाविषयी येथेच सांगतो, कारण तुमच्या उपयोगाचा भाग त्यात आहे. ‘तुमची पट्टी कोणती?’ असे विचारल्यावर आपण काळी एक किंवा पांढरी चार असे सांगतो, म्हणजे षड्ज कोणत्या पट्टीवर धरायचा ते सांगतो. जवळपास प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वाद्यात ट्रान्सपोजची सोय असते. बोटे पांढरी एकवरून चालवायची आणि आवाज मात्र काळी चारचा येईल, असे एका बटणाने करता येते. भजनाच्या साथीला गायक बदलला की ही सोय वरदान ठरते. पियानो शिकणाऱ्या मुलीने मात्र तिला हात लावू नये. कागदावर लिहिलेला स्वर, बोटाखालची पट्टी आणि कानावर येणारा आवाज हे तिन्ही तिच्या मनात एकत्र बसायचे असतात. वडिलांनी संध्याकाळी ट्रान्सपोज करून ठेवले आणि मुलीने सकाळी तसाच सराव केला, तर ते तिन्ही सुटे होतात. वाद्य दोघांनी वापरायचे झाले, तर उठताना बंद करून उठण्याची शिस्त ठेवा, कारण बहुतेक वाद्ये पुन्हा सुरू केल्यावर ही रचना शून्यावर आणतात.

कीबोर्ड कोणासाठी योग्य, हेही नीट सांगायला हवे, नाहीतर हे सगळे एकतर्फी होईल. ज्याला आपण नुसते कीबोर्ड म्हणतो त्याचे खरे काम साथ उभी करणे हे आहे. डाव्या हाताने स्वरसंगती (कॉर्ड) धरली की तबला किंवा ड्रम, बास, गिटार असा सगळा ताफा त्या संगतीप्रमाणे वाजू लागतो आणि उजवा हात सुरावट वाजवतो. ताल केव्हा बदलायचा, तुकडा केव्हा टाकायचा, कोणत्या कडव्याला बासरी आणि कोणत्याला व्हायोलिन, हा सगळा विचार करत वाजवणे ही स्वतंत्र कला आहे. ट्रिनिटी कॉलेज लंडन या संस्थेच्या संगीत परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन निराळे विषय आहेत आणि त्यांचे अभ्यासक्रमही निराळे आहेत. म्हणून पालकांना मी पहिला प्रश्न विचारतो तो वाद्याचा नसतोच. वर्गात नेमके काय शिकवतात, पुढे परीक्षेला बसवणार असतील तर कोणत्या विषयाच्या, हे शिक्षकांना विचारून या, असे मी सांगतो. निम्म्या लोकांना ते ठाऊक नसते आणि निम्म्या पाट्यांवर ‘पियानो क्लास’ लिहून आत कीबोर्ड शिकवतात. तुमच्या बाबतीत वर्गात उभा पियानो आहे, त्यामुळे उत्तर स्पष्ट आहे.

भारतीय संगीतासाठी बनवलेले कीबोर्ड याच, साथ उभी करणाऱ्या जातीतले. यामाहाचा पीएसआर-आय५०० किंवा कॅसिओच्या ज्या मॉडेलांच्या क्रमांकाअखेर ‘आयएन’ अक्षरे असतात ती, यांत तबला, तानपुरा, सतार, हार्मोनियम यांचे आवाज आणि आपले ठेके असतात. सुगम गायनाच्या रियाजाला ती फार सोयीची आहेत. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणे, घ्यायची तर डावीकडे स्वर वाकवणारे चाक आहे का ते पाहावे. ते नसेल, तर बासरीचा आवाज कितीही गोड असला तरी गाणे पायऱ्यापायऱ्यांनीच चढते. कानाचा पक्का माणूस आणखी एक तक्रार करील ती गंधाराची. या वाद्यांत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. सप्तकाचे १,२०० सूक्ष्म भाग कल्पिले तर तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ व्या भागावर बसतो आणि कीबोर्डचा ४०० व्या भागावर. हा फरक मिटवणारी सोय काही वरच्या मॉडेलांत असते, पण आज मिळणारी बहुतेक हार्मोनियमेही समान भागांवरच लावलेली असल्याने तुम्हाला तो नव्याने खटकणार नाही.

पट्ट्यांच्या संख्येबद्दल लोक फार काळजी करतात. माझ्या मते वजन आणि स्पर्श यांच्यापुढे संख्या दुय्यम आहे. मोत्सार्टच्या स्वतःच्या पियानोला ६१ च पट्ट्या होत्या, हे सांगून विक्रेते कधी कधी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड खपवतात. गोष्ट खरी आहे, पण त्या पट्ट्या खर्जातल्या एका मध्यमापासून सुरू होत आणि आजच्या कीबोर्डच्या पट्ट्या त्याच्यावरच्या षड्जापासून, म्हणजे त्या मध्यमापासून पाचव्या स्वरावरून, सुरू होतात, त्यामुळे मोत्सार्टच्या रचनांतले डाव्या हाताचे काही स्वर या कीबोर्डवर कागदावरच राहतात. सुरुवातीच्या पुस्तकांना ६१ पट्ट्या पुरतात. साधारण दोन-तीन वर्षांत रचना त्यांच्याबाहेर जाऊ लागतात. मात्र वजनदार पट्ट्यांची वाद्ये बहुतेक ८८ च पट्ट्यांची येतात, त्यामुळे स्पर्श निवडला की संख्येचा प्रश्न आपोआप सुटतो.

दुकानातले शब्द नीट तपासून घ्या. ‘टच सेन्सिटिव्ह’ म्हणजे जोराप्रमाणे आवाज बदलतो एवढेच, त्यात वजन नसते. टच सेन्सिटिव्ह नसलेले वाद्य मात्र नऊ वर्षांच्या मुलीसाठी फुकटही घेऊ नये. ‘पियानो स्टाइल’ याचा अर्थ पट्टीचा आकार पियानोसारखा चौकोनी आहे, स्पर्श नव्हे. ‘सेमी-वेटेड’ म्हणजे जरा घट्ट स्प्रिंग. तुम्हाला हवा तो शब्द ‘हॅमर ॲक्शन’, म्हणजे हातोडीचे वजन जोडलेली पट्टी, हा आहे, आणि तो माहितीपत्रकात छापलेला दिसला पाहिजे, विक्रेत्याच्या तोंडचा चालणार नाही.

हॅमर ॲक्शनची सर्वांत खालच्या पायरीवरची वाद्ये मी वाजवून पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. यामाहाचा पी-१४५ हा ११.१ किलोचा, पट्ट्या हलक्या आणि शांत. लहान मुलांच्या हाताला तो लवकर जमतो. रोलंडच्या एफपी-१० ची पट्टी या गटात खऱ्या पियानोच्या सर्वांत जवळ जाते. तिला तीन संवेदक आहेत, त्यामुळे पट्टी पूर्ण वर न येऊ देताही तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. पण ती जड आहे आणि तिचा धप् असा आवाज होतो. कॅसिओचा सीडीपी-एस११० सर्वांत हलका आणि आटोपशीर आहे, मात्र त्याच्या पट्ट्या आतल्या बाजूला, काळ्या पट्ट्यांच्या मुळाशी दाबताना घट्ट लागतात, कारण बारीक अंगात पट्टीचा दांडा आखूड करावा लागतो. मला स्वतःला एफपी-१० आवडतो. तुमच्या मुलीसाठी मी पी-१४५ आणि एफपी-१० यांपैकी तिच्या हाताला जे बरे वाटेल ते घेईन.

माहितीपत्रकात एकाच वेळी किती स्वर वाजू शकतात याचा आकडा असतो, त्याला पॉलिफोनी म्हणतात. दहा बोटांना ६४ स्वर कशाला लागतात, असे वाटते. पण स्वर लांबवणारे पायाखालचे पेडल दाबून ठेवले की आधीचे स्वर विरत असतानाच नवे येत राहतात, आणि काही आवाजांत एका पट्टीला दोन स्वर खर्च होतात. पी-१४५ मध्ये ६४, एफपी-१० मध्ये ९६ आहेत. पहिली चार-पाच वर्षे ६४ पुरतात. त्याच्या दुप्पट-तिप्पट आकड्यासाठी आज जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

स्पीकरपेक्षा हेडफोनकडे लक्ष द्या. या किमतीतल्या पियानोंचे स्पीकर सहा ते आठ वॅटचे, खाली किंवा मागे तोंड केलेले असतात आणि त्यांतून मंद्र सप्तक पोकळ ऐकू येते. वायर असलेल्या चांगल्या हेडफोनमधून तेच वाद्य वेगळे वाटते. ब्लूटूथचे हेडफोन या कामाला वापरू नका. पट्टी दाबल्यानंतर आवाज येईपर्यंत जाणवण्याइतका उशीर होतो आणि मुलांची लय बिघडते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हेडफोन लावला म्हणून सराव नि:शब्द होत नाही. वजनदार पट्ट्या तळाला आदळतात, तो धक्का स्टँडच्या पायांतून फरशीत आणि फरशीतून खालच्या घराच्या छतात उतरतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांना वाटे की वर कोणीतरी रोज रात्री दहाला मिरची कुटते. स्टँडच्या पायांखाली जाड रबरी चटई टाकल्यावर ते कुटणे थांबले.

स्टँड, बाक आणि पेडल हे किमतीत धरूनच हिशेब करा, कारण दुकानाच्या पाटीवर ते बहुधा नसतात. कैचीसारखा स्टँड हलतो आणि गुडघ्यांना आडवा येतो. चार पायांचा, टेबलासारखा स्टँड घ्या. बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीला यायला हवे आणि मुलीचे पाय लोंबकळता कामा नयेत, पायांखाली लाकडी पाट चालतो. वाद्याबरोबर मिळणारे डबीसारखे पेडल गुळगुळीत टाइल्सवर घसरत पुढे जाते आणि मूल त्याच्या मागे पाय ताणत राहते. धातूचे, रबरी तळाचे पेडल वेगळे घ्यावे. दुसऱ्या कंपनीचे पेडल जोडल्यावर ते उलटे वागू लागले, म्हणजे पाय उचलल्यावर स्वर लांबू लागला, तर घाबरून परत करू नका. पुष्कळ वाद्ये सुरू होताना पेडलची स्थिती तपासतात, म्हणून आधी पेडल जोडून, त्यावर पाय न ठेवता वाद्य सुरू करून पाहा. काही पेडलांना पोटाशी ही दिशा बदलणारी छोटी कळही असते.

ठाण्यात पावसाळा आहे, त्यामुळे देखभालीविषयी दोन शब्द. पट्ट्यांखाली रबराच्या छोट्या टोप्या असतात आणि त्यांच्या आत काळा, वीज वाहणारा थर असतो. तिथे ओल, धूळ किंवा मुंगी गेली की तो स्वर कधी उमटत नाही आणि कधी हळू दाबूनही एकदम मोठ्याने उमटतो. खिडकीशेजारी वाद्य ठेवू नये, रोज झाकावे, आणि जुलैत महिनाभर गावी जाणार असाल तर प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळण्याऐवजी सुती कापडाने झाकावे, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. ॲडाप्टर मूळ कंपनीचाच वापरा. पिन बसली म्हणजे ॲडाप्टर चालतो, असे नसते. व्होल्ट वेगळे असतात, आणि पिनेच्या मध्यभागी धन टोक की ऋण हेही कंपनीनुसार बदलते. एका कार्यक्रमाआधी मी घाईत मंडप-ध्वनिवाल्याच्या पेटीतला दुसराच ॲडाप्टर लावला होता. त्या संध्याकाळी कीबोर्ड गप्प झाला आणि त्याच्या दुरुस्तीला माझ्या तीन कार्यक्रमांची बिदागी गेली.

आता पैशांचा प्रश्न. हॅमर ॲक्शनचे नवे वाद्य साधारण ४०,००० रुपयांच्या आसपास सुरू होते आणि स्टँड, बाक, पेडल धरून ५०,००० च्या आगेमागे जाते. तुमची मर्यादा ३०,००० आहे, आणि विक्रेता तुम्हाला नेमके २५,००० च्या आसपासचे, भरपूर आवाजांचे कीबोर्ड सुचवील. पियानो शिकणाऱ्या मुलीसाठी तोच सर्वांत वाईट सौदा आहे, कारण जादा पैसे अशा गोष्टींवर खर्च होतात ज्यांना ती वर्षभर हात लावणार नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवायला गेल्यास मुलीला पियानो मिळणार नाही आणि तुमची पेटीही सुटणार नाही. भजनी मंडळात तुमची पेटीच शोभते. भात्याने गाण्याबरोबर श्वास घेणारे वाद्य सोडून वायरी आणि ॲडाप्टर घेऊन मंदिरात जाण्याचे तुम्हाला कारण नाही.

मी तुमच्या जागी असतो तर आधी बाईंना विचारले असते की सहा महिने आठवड्यातून एखादा जादा तास मुलीला वर्गातल्या पियानोवर बसू देतील का, आणि तेवढ्या काळात कमी पडणारी रक्कम साठवली असती. ते शक्य नसेल तर सहा ते आठ महिन्यांपुरता ६१ पट्ट्यांचा, टच सेन्सिटिव्ह, सर्वांत साधा कीबोर्ड १०,००० ते १२,००० च्या घरात घ्या आणि तो पुढे विकायचा आहे हे धरूनच घ्या. तिसरा मार्ग जुन्या डिजिटल पियानोचा. मुंबई-ठाण्याकडे मुले दहावीला गेली की चांगल्या स्थितीतली वाद्ये विक्रीला निघतात आणि ३०,००० च्या आत मिळू शकतात.

जुने वाद्य पाहायला जाताना स्वतःचे हेडफोन न्या. आवाज मोठा ठेवून डावीकडच्या पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत, काळ्यांसकट, सगळ्या ८८ पट्ट्या एकेक करून जितक्या हळू दाबता येतील तितक्या हळू दाबा. दोष जोरात वाजवताना लपतो, हळू दाबताना उघडा पडतो. एखादा स्वर शेजाऱ्यांपेक्षा दचकवण्याइतका मोठा आला, तर खालचा संपर्क झिजला किंवा मळला आहे. मधली दोन सप्तके विशेष काळजीने पाहा, कारण तीच सर्वांत जास्त वापरलेली असतात. मग आवाज पूर्ण बंद करून त्याच पट्ट्या पुन्हा वाजवा आणि कोणती खडखडते ते नुसत्या कानाने ऐका. मळलेला संपर्क साफ करून किंवा रबर बदलून सुधारतो आणि त्यापोटी किंमत कमी करून मागता येते. पट्टी वर येताना अडत असेल किंवा एका बाजूला कललेली असेल, तर आतली चौकट दुखावलेली असण्याचा संभव आहे आणि असे वाद्य सोडून द्यावे. मुलीला बरोबर न्या, आणि तिला तिच्या पुस्तकातला एकच धडा दोनदा वाजवायला सांगा, एकदा आजी झोपली आहे असे समजून आणि एकदा आजीला स्वयंपाकघरातून ऐकू जावे असे. तुम्ही पाठ करून उभे राहा. दोन्ही वेळचा फरक न बघता ओळखता आला, तर पैसे देऊन टाका.